दाजींचं पेटंट

आचऱ्याला दाजींकडे गेलात की "या, बसा" हे नंतर. आधी ओट्यावर उभं राहून उत्तरं द्यायची. चष्मा आसा? मिशी? उंच काय बुटको? एकेका उत्तरागणिक दाजी पुठ्ठ्याच्या कार्डाची कड कात्रीने कापत.

मुंबईच्या गोदीत कारकुनी करून साठ सालच्या सुमाराला ते गावी परतले, ते हा शोध घेऊनच. कार्डाच्या कडेला भोकांची रांग. एकेक भोक एकेका खुणेचं. खूण असली तर भोक कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्यातल्या मिशीच्या भोकातून विणायची सुई घालून उचलली, की मिशीवाले तेवढे खाली पडत.

"मास्तरांनू, वही नको, कपाट नको! हाक मारली काय माणूस हजर!"

पेटंट कचेरीने कळवलं, यात नवं काही नाही. दाजींनी अपील ठोकलं. त्याचं इंग्रजी माझ्या गळ्यात, कारण मी शाळामास्तर. मी 'नम्र विनंती' लिहिलं की ते खोडत. "नम्र कित्याक? शोध माझो आसा!" मी लिहीत असताना ते ओट्यावरून माडापर्यंत येरझारा घालत. उत्तरासाठी पोस्टात इतके खेटे घातले, की पोस्टमनने वाट बदलली.

एका दुपारी मसुदा घेऊन गेलो, तर दाजी पोस्टात. त्यांच्या बायकोने, काकींनी, दार उघडलं.

"कोण तुमी?"

दोन वर्षं मी या बाईंच्या हातचा चहा पीत होतो.

काकींनी मला नीट न्याहाळलं. गठ्ठा घेतला, तीनदा सुई घातली. शेवटी एकच कार्ड खाली पडलं. त्यांनी ते वाचलं, "शाळेतले मास्तर. चायत साखर कमी." आणि चेहरा खुलला. "या, मास्तरांनू!"

त्या दिवशी चहात साखर कमीच होती.

पुढे अपिलाचा निकाल आला. मीच वाचून दाखवला : अशी कार्डं परदेशात कित्येक वर्षं वापरात आहेत, अपील नामंजूर.

दाजींच्या येरझारा थांबल्या. ते ओट्यावर बसले.

"म्हणजे तेंच्याय घरात कोण इसरत होतां?"

पत्रात उल्लेख फक्त कचेऱ्या आणि ग्रंथालयांचा होता. मी म्हटलं, "असणार, दाजी."

"मगे तेंका पत्र घाला," ते हळूच म्हणाले. "इचारा, ही वाचूकच इसारली काय मगे काय करूचां?"

मी कागद पुढे ओढला. पत्ता कोणाचा घालायचा, ते दोघांनाही सुचेना.