घाटभर खाल्लेली बोलणी

शेषरावांनी ठरवलं होतं ते इतकंच, की परतवाड्याला सगळ्यांबरोबर चहा प्यायचा नाही. एवढ्याशा गोष्टीतून पुढे काय उपटेल, हे अकोल्याच्या कचेरीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या या माणसाला काही कळलं नाही.

साल एकोणीसशे एकसष्ट. पाऊस उघडला, की ऑक्टोबरात अकोल्याची ख्रिस्ती मंडळी एस.टी.ची एक गाडी ठरवून चिखलदऱ्याला जायची. डोंगर हिरवागार, दऱ्यांत ढग उतरलेले. भीमकुंडाजवळ प्रार्थना, मग जेवणं. शेषराव आणि त्यांच्या पत्नी जमुनाबाई अकरा वर्षं न चुकता गेले. जमुनाबाईंना वारून आता दीड वर्ष झालं होतं. गेल्या खेपेला शेषरावांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. यंदा चर्चचे पाळकसाहेब स्वतः घरी आले, तेव्हा गुडघा बरा करून घेणं भाग पडलं.

मंडळी फार मायाळू, आणि तीच अडचण होती. भेटेल तो विचारायचा, जेवणाचं कसं करता? शेषराव म्हणायचे, करतो. मग समोरचा मान हलवायचा आणि दोघंही जमिनीकडे पाहायचे. (करायचे ते पिठलं. सोमवारी पिठलं, मंगळवारी उरलेलं पिठलं, बुधवारी नवं.) मुलगा जबलपूरला रेल्वेत, त्याचं महिन्याला एक पत्र. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ते झोपताना स्वतःलाच ‘दार लावलं का?’ असं विचारत आणि ‘लावलं’ असं उत्तर देत. मग उत्तरावर विश्वास नाही म्हणून उठून पाहून येत.

त्यात मंडळीचे सेक्रेटरी देवराव मास्तर यांनी जुन्या यादीवरून नावं उतरवली आणि सवयीने ‘शेषराव व सौ.’ अशा दोन जागा धरल्या. चूक काढायची, तर मास्तर बिचारे शरमेने अर्धे होणार. शेषरावांनी ती तशीच राहू दिली. पहाटे गाडीत चढले, शेवटच्या बाकावर खिडकीची जागा मोकळी सोडून तिच्या शेजारी बसले, आणि परतवाड्यापर्यंत त्या मोकळ्या जागेवर कोणी पिशवी ठेवू नये म्हणून हात टेकवून राहिले.

परतवाड्याला आठ वाजले तरी धुकं होतं. पाळकीणबाईंनी सगळ्यांसाठी चहाचा डबा उघडला. आता प्रत्येक जण कप घेऊन जवळ येणार आणि जेवणाचं विचारणार, हे ओळखून शेषराव हळूच पलीकडच्या हॉटेलात शिरले. कढत चहाच्या वाफेने चष्मा आंधळा झाला. तेवढ्यात हॉर्न वाजला. ते धावतच निघाले, आणि धुक्यात जी लाल गाडी पुढ्यात आली तिच्या मागच्या दाराने चढून शेवटच्या बाकावर टेकले. गाडी लगेच सुटली.

खिडकीच्या जागेवर शाल पांघरलेली एक म्हातारी बसली होती. एका डोळ्यावर हिरवं फडकं, दुसराही अर्धवट मिटलेला. पाळकीणबाईंनी सोबतीला कोणाला तरी आणून बसवलं, असं शेषरावांना वाटलं. ते मनातून चिडले.

“कुठं गेल्ते?” म्हातारी म्हणाली. “कवाची वाट पाहून राहिली मी. घरून निंगतानी दोनदा च्या झाला, तरी जीव नाई भरला का?”

शेषरावांनी चष्मा पुसून समोर पाहिलं. मंडळीतलं एकही डोकं दिसेना. भांड्यांच्या आणि गाठोड्यांच्या ढिगापलीकडे पुढे सगळी पागोटीच. गाडी दुसरीच होती. ते म्हणाले, “बाई, मी—”

“मंधात बोलू नका. पयले कान बांदा. हवा लागते, मंग रातभर खोकता तुमी, आन् झोप जाते माई.”

कान बांधा, असं शेषरावांना दीड वर्षात कोणी म्हटलं नव्हतं. लोक सांत्वन करत, डबे पाठवत, प्रार्थनेत नाव घेत. पण रागावत कोणी नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मुकाट्याने कान बांधले. (पुढे पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा गाडी थांबवता आली नाही असं त्यांनी सांगितलं. घंटीची दोरी डोक्यावरच लोंबत होती.)

मग घाट सुरू झाला आणि दुर्गाबाईही सुरू झाल्या. नाव दुर्गाबाई, गाव तिवसा, मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यापूर्वीचं, आणि ते नीट झालं म्हणून मुलगा खुशालराव सगळ्या भाऊबंदांना घेऊन देवीच्या दर्शनाला निघालेला. हे सगळं शेषरावांना रागावण्यातूनच कळत गेलं. नवऱ्याने गड्याला बैलांचं नीट सांगितलं नव्हतं. पाहुण्यांसमोर तो मोठ्याने ढेकर देत होता. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात तो बायकोपेक्षा जास्त रडला होता आणि नर्सबाईंनी त्यालाच पाणी दिलं होतं. शेषराव प्रत्येक आरोपावर “हूं” म्हणत होते. त्यांना फार वर्षांनी घरी आल्यासारखं वाटत होतं.

एका वळणावर दुर्गाबाई जरा थांबल्या. म्हणाल्या, “काय दिसून राहिलं थे तं सांगा. मले नुसतं पांढरं दिसते.”

आवाज परका आहे हे कळेल, म्हणून शेषराव रुमालाचं टोक तोंडाशी धरून बोलले, “ढग.”

“अजून?”

“खाली झाडं. पिवळी फुलं.” मग थोड्या वेळाने, “लय सुंदर हाय.”

पुढचं वळण येताच दुर्गाबाई पुन्हा बैलांवर आल्या.

वर पोहोचल्यावर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि भांडं फुटलं. खुशालराव आईला उतरवायला मागे आला, तर बापाच्या जागी कान बांधलेला कोट-पाटलोणवाला. त्याने शेषरावांची कॉलरच धरली. दुर्गाबाईंनीच मुलाचा हात झटकला.

“सोड त्याइले. मले तिसऱ्याच वळनावर समजलं. तुवा बाप इतकं आयकून घेते का कधी?”

तेवढ्यात शेजारच्या गाडीतून दुर्गाबाईंचा खरा नवरा पुंजाजी रमतगमत उतरला. परतवाड्याला मंडळीचं गाणं कानावर पडलं, मागे दोन जागा मोकळ्या दिसल्या, म्हणून चढलो, असं त्याने सांगितलं. देवराव मास्तरांनी परतवाड्याहून गाडी सुटताना माणसं मोजली होती. आकडा अकोल्याइतकाच भरला, म्हणून शेषराव हरवल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. उलट पाळकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, “मागून टाळ्या ऐकू येत होत्या. मला वाटलं, शेषराव आज खुलले.”

भीमकुंडाजवळ प्रार्थना झाली, जेवणं झाली. तिवसेकरांनी मंडळीला ठेचा-भाकर दिली, मंडळीने त्यांना करंज्या दिल्या. ऊन कलताना पुंजाजीने शेषरावांना एका झाडाआड नेलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

“भाऊ, उतरतानीबी बसान का तिच्याजवळ? मी तुमच्या लोकाइत बसतो. चाळीस वर्सांत असा निवांत घाट नाई पायला.”

मंडळीला काय वाटेल, असं शेषराव म्हणाले खरे. पण कोणी काही वाटून घेण्याआधीच ते तिवशाच्या गाडीत शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पाठ ताठ केली. आता बैलांचं निघो, ढेकरांचं निघो, त्यांची तयारी होती. अडलंच तर सांगायला पिठल्याचाही विषय होता. तो ऐकून बाई किती रागावतील, या कल्पनेनेच त्यांना बरं वाटत होतं.

गाडी सुटली. दुर्गाबाईंनी शाल ओढून घेतली, डोकं खिडकीला टेकवलं आणि पहिल्या वळणाआधीच घोरू लागल्या. सबंध घाटभर शेषराव त्यांचं घोरणं ऐकत बसले. दोनदा खोकून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

परतवाड्याला गाडी थांबली, तेव्हा दुर्गाबाई जाग्या झाल्या. शेषराव उतरायला उठले. दुर्गाबाईंनी चाचपडत त्यांच्या बाहीला हात लावला आणि मनापासून म्हणाल्या,

“लय दिवसानं अशी झोप लागली, भाऊ. आमचे हे जवळ असले का भांडाले लागते. तुमच्याजवळ बसलं का काई बोलाचं सुचतच नाई.”