विमानात विणलेलं टोपडं

विणकामात माझा हात धरणारं आख्ख्या कासारसाईत कुणी नाही. कारण ज्यांना विणता येतं, त्या सगळ्यांना मीच शिकवलंय! शाळेतून निवृत्त झाले, तरी संध्याकाळी पोरं सुया घेऊन माझ्या ओसरीवर हजर.

तर माझ्या लेकीला बंगळुरात मुलगी झाली. तीही ठरल्या तारखेच्या आधीच! टोपडं अर्धंच विणून झालेलं आणि बारसं उद्यावर. विहीणबाईंचा फोन आला, "दगदग करू नका हं, मी दुकानातून टोपडं आणून ठेवलंय."

दुकानातून! माझ्या नातीला!

"बाळ माझंच टोपडं घालून पाळण्यात जाईल," मी ठणकावलं. "उरलेलं विमानात विणते!"

विमानाचे नियम मी पाढ्यांसारखे पाठ केले होते. कात्री घरी ठेवली. धातूच्या सुयांऐवजी बांबूच्या घेतल्या. लोकरीच्या लडीचा गोळा सोनिया आणि सिद्धनाथनं गुंडाळून दिला. ही बिरू धनगराची पोरं, माझे सर्वांत हुशार विद्यार्थी!

विमानतळावर तपासणीच्या बाईंनी सुया वाकवून पाहिल्या आणि परत दिल्या. मी मान ताठ केली. तेवढ्यात सामान तपासणाऱ्या यंत्राच्या पडद्यासमोरचा माणूस खुर्चीतून अर्धा उठला.

"माताजी, इस ऊन के अंदर क्या है?" बाईंनी विचारलं.

"ऊन के अंदर ऊनच है!"

त्यांनी पडदा दाखवला. गोळ्याच्या पोटात काहीतरी लांब, टोकदार. शेजारी काहीतरी वाटोळं. जणू गोळ्यालाच दिवस गेले होते!

मी तिथूनच बिरूला फोन लावला. उचलला सोनियानं.

"सोनिया, गोळ्यात काय घातलंय गं?"

"म्या घुंगरू घातलंय बाई. आमच्या कोकराच्या गळ्यातलं. आन सिद्धूनं खिळा घातलाय. लई मोठा हाय!"

"अगं, पण कशाला?"

"बाळाच्या उशाला लोखंड नगं व्हय? दिष्ट लागंल की! आन तुमीच शिकवलंय न्हवं, कुनाच्या घरी रिकाम्या हातानं जायाचं न्हाई!"

गोळा उलगडण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण लोकर गुंतली असती, तर टोपडं बोंबललं असतं आणि विहीणबाईंचं दुकान जिंकलं असतं! माझ्यामागे एक तरुण लॅपटॉपची बॅग सांभाळत उभा होता.

"हात पुढे!" मी वर्गातल्या आवाजात म्हणाले.

त्यानं झटकन दोन्ही हात पुढे केले. मी त्यावर लोकर गुंडाळू लागले. "सैल धरा! अंगठे वर!"

"आजी, आमची विमानं निघून जातील!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"मग बघताय काय? या, गोळा धरा!"

छुन्न! घुंगरू पडलं. मागोमाग खिळा. दार ठोकायचा, चांगला बोटभर! मी माझ्या हिंदीत दृष्टीचं प्रकरण समजावलं. तपासणीच्या बाई हसल्या. "हमारे गाँव में भी बच्चे के सिरहाने लोहा रखते हैं। पर कील नहीं जाएगी, माताजी।"

खिळा राहिला, घुंगरू सुटलं.

पुन्हा गोळा करायला वेळ नव्हता. तो तरुण, म्हणजे सूस गावचा ऋषिकेश, माझ्याच विमानानं निघाला होता; दोन्ही हातांत लडी अडकवूनच तो चढला. त्याची बॅग मी ओढली. त्याच्या शेजारच्या प्रवाशाला विनवून ती जागा मिळवली आणि त्याचा पट्टाही मीच लावला!

टोपडं भराभर पुढे सरकू लागलं. लडी संपली, त्याचे हात मोकळे झाले. मग तो हळूच म्हणाला, "आजी, मला जमेल का हो?"

हे शब्द ऐकून मी आजवर कुणालाही परत पाठवलेलं नाही. सुया त्याच्या हातात दिल्या. गडी रंगला! प्रत्येक ओळीत त्याचे टाके वाढत होते. कुठून येत होते, देव जाणे! पण शिकणाऱ्याच्या चुका पहिल्या दिवशी काढायच्या नाहीत, हा माझा नियम.

"छान! चालू द्या!" मी म्हणत राहिले.

विमान उतरलं, तेव्हा टोपडं पूर्ण झालं होतं. जरा ऐसपैसच.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळ्यांसमोर बाळाला घातलं. बाळ हनुवटीपर्यंत नाहीसं झालं! विहीणबाईंनी दुकानातलं टोपडं पुढे केलं. घुंगरू मात्र पाळण्याला बांधलं आणि त्याच्या आवाजानं नात रडायची थांबली.

संध्याकाळी सोनियाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाई, टोपडं बसलं का?"

"बसलं गं, अगदी मापात."

"मग दावा की!"

मी फोन फिरवला. कोपऱ्यात आमचे जावई, शेखरराव, टोपड्याची नाडी हनुवटीखाली बांधून जिलेबी खात बसले होते.