दंडावरचा पट्टा, भिंतीवरचं घड्याळ

"आमच्या घरी काय, शांतताच शांतता!" असं तो ऑफिसातल्या मॅडमसमोर बोलून गेला आणि स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

(लग्नाला दोन महिने झाले तरी ऑफिसात सगळे त्याला नवरदेवच म्हणत. आपणही म्हणू.) ऑफिस संशोधनाचं होतं. रोजच्या कटकटीनं माणसाचा रक्तदाब किती चढतो, ते मोजायचं. एक माणूस कमी पडत होतं. नवरदेवानं बायकोचं नाव देऊन टाकलं.

सुट्टीच्या सकाळी तिच्या दंडाला पट्टा बांधला, कमरेला यंत्र अडकवलं. तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला पट्टा बाहीखाली गुपचूप फुगणार. तेवढा वेळ हलायचं नाही, बोलायचं नाही. मग ऑफिसनं दिलेल्या फोनवर लिहायचं: काय चाललं होतं, सोबत कोण होतं.

"सोबत कोण?" सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. "म्हणजे मी हिला काही बोलले, तर तुझ्या मॅडमना कळणार?"

"मग आजच्या दिवस बोलू नकोस ना, आई! माझं नाक कापलं जाईल."

"मी न बोलता हे घर चालेल?"

त्यांनी तोडगा काढला. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बारावर किंवा सहावर आला, की "बाळा, टेक गं जरा!" काटा पुढे सरकला, की बाळाचं "अगं ए!" होई.

"अगं ए, ही फरशी पुसलीस की नुसती भिजवलीस?"

सून खांबासारखी उभी. तोंडातून चकार शब्द नाही.

"गुणाची आहे हो," सासूबाई लेकाच्या कानाशी लागल्या. "मुकाट्यानं ऐकून घेते."

दुपारी नवरदेवाचं सहज त्या फोनकडे लक्ष गेलं. फोनात एक वाजत होता. भिंतीवर एक वाजून दहा मिनिटं! त्याला शाळेला उशीर व्हायचा, म्हणून आईनंच कधीकाळी घड्याळ पुढे लावलं होतं. ते तसंच राहिलं होतं. म्हणजे गोड शब्द सगळे वाया, आणि शेलके तेवढे नेमके पट्ट्यात!

"आई, थांब!"

"का रे? वेळ तर आत्ताच टळली."

मग सूत्रं त्यानं हाती घेतली. पट्टा फुगायची वेळ आली, की तो बायकोसमोर येऊन उभा राही.

"शांत राहा. रिलॅक्स. काहीतरी छान आठव."

"अहो, मी शांतच आहे."

"मग चेहरा असा का? मॅडम बघणार आहेत! श्वास घे. एवढा नको!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आलेख पुढ्यात ठेवला. तो न बघताच बोलू लागला.

"मॅडम, आई मनानं वाईट नाही हो..."

"त्या बोलत होत्या तेव्हा रक्तदाब अगदी सपाट आहे. तिनं लिहिलंय, 'सासूबाई बोलत होत्या. हलायचं नव्हतं. तेवढीच विश्रांती.'" मॅडमचं बोट पुढे सरकलं. तिथे डोंगरच डोंगर. "दुपारनंतर. सोबत: नवरा. काय चाललं होतं: 'मला शांत करत होते.'"

घरी येऊन त्यानं हे पडेल आवाजात सांगितलं. सासू-सुनेनं एकमेकींकडे नुसतं पाहिलं.

पुढच्या सकाळी तो धावतपळत ऑफिसात पोचला, तर दाराला कुलूप. रखवालदार म्हणाला, "साहेब, आज एवढ्या लवकर?"

घरचं घड्याळ रातोरात आणखी तासभर पुढे गेलं होतं. ते इतकं उंच आहे, की एकटीचं काम नव्हे. एकीनं स्टूल धरलं असणार.