गोठ्यावरचा चंद्र

भाऊबीजेच्या संध्याकाळी शकुन वलगावच्या आपल्या अंगणात ताट घेऊन उभी राहिली आणि चंद्राला म्हणाली, "यंदा तूच माहा भाऊ."

खरं तर तिला सख्खा भाऊ होता. धडधाकट होता. मूर्तिजापुरात भाजीचा मळा करत होता. आणि त्या क्षणी तो तिच्याच गोठ्याच्या छपरावर पालथा पडून सगळं ऐकत होता.

जिला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळावं, अशी रीत. भाऊ असून नुसत्या चंद्राला ओवाळायचं म्हणजे भाऊ मेल्यात जमा. छपरावरच्या सहदेवच्या छातीत हेच रुतत होतं. छपराच्या तुराट्याही रुतत होत्या.

ही गोष्ट अशी मधूनच सुरू करावी लागते. तिची सुरुवात बकरीनं खाल्ली.

सुरुवात (उरली तेवढी)

मागच्या भाऊबीजेला सहदेवनं शकुनला ओवाळणीत बकरी घातली होती. काबरी, डावं शिंग कानाकडे वळलेलं. बडनेऱ्यापर्यंत आगगाडीनं आणि पुढे टांग्यात मांडीवर घेऊन तो तिला घेऊन आला. "दुधाची हाय, पोराईले होईन," म्हणाला. शकुनच्या डोळ्यांत पाणी आलं.

बकरी वर्षभर शहाण्यासारखी वागली. शकुनचा नवरा शेषराव झेंडू-शेवंतीची शेती करायचे. दसऱ्याच्या आदल्या दुपारी घरची सगळी जेवायला बसली आणि हात धुऊन बाहेर आली, तेव्हा झेंडूच्या जागी बकरी होती. शेषरावांनी ती त्याच आठवड्यात विकून टाकली.

बातमी मूर्तिजापूरला पोचवली बेबीताईंनी. बेबीताई म्हणजे शेषरावांची बहीण. त्यांचं शेत आणि सहदेवचा मळा, मधे फक्त एक बांध. दसऱ्याला त्या माहेरी जाऊन आल्या होत्या.

"सहदेवभाऊ, तुमची बकरी इकली ना दादानं!"

"इकली? ओवाळणी इकली?" सहदेवच्या हातातली पाटी खाली पडली. "ओवाळणी खावी, नेसावी, नाही पटली तं कोनाले देऊन टाकावी. इकते कोनी? सांगा तिले, तिच्या दारात पाय ठेवीन तं बापाचं नाव नाही लावनार!"

कोजागरीला बेबीताई पुन्हा माहेरी गेल्या. निरोप सांगितला आणि उलटा निरोप घेऊन आल्या. तो फार लहान होता. "राहू दे म्हना. चंद्र हाये."

"मी जिता असून चंद्र?" सहदेव बायकोला म्हणाला. मग जेवताना म्हणाला. मग वांग्याला पाणी देता देता वांग्याला म्हणाला.

भाऊबीजेच्या सकाळी त्याच्या बायकोनं, माणिकबाईंनी, नवं हिरवं लुगडं त्याच्या पिशवीत घातलं. "जा मुकाट्यानं. अन् आता बकरी नोको देजा."

"बकरी कुठून आनू आता?"

वाट

अमरावतीच्या बाजारातून जाताना कुणीतरी मागून त्याच्या धोतराचा सोगा ओढला. सहदेवनं वळून पाहिलं. डावं शिंग कानाकडे वळलेलं होतं. सोगा तिनं प्रेमानं धरला होता की भुकेनं, हे तिचं तिलाच ठाऊक.

सहदेवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विकलेली ओवाळणी परत बहिणीच्या दारात बांधली, की विकलीच नाही असं होतं. भांडणच राहत नाही!

"केवढ्याले देता?" त्यानं बकरीवाल्याला विचारलं. खिशात परतीच्या गाडीपुरते पैसे होते.

बकरीवाल्याचं लक्ष पिशवीकडे होतं. "पिशवीत लुगडं हाये का? घरी बहीण येऊन बसली भाऊ, अन् मी सकाळपासून बकरीच इकून राहिलो."

असं लुगडं एका बहिणीकडे गेलं आणि बकरी दुसऱ्या बहिणीकडे निघाली.

वलगावला पोचल्यावर सहदेवला शपथ आठवली. दारात पाय ठेवायचा नव्हता. शिवाय दारापुढच्या ओट्यावर शेषराव बसले होते आणि सहदेवच्या हाती बकरी होती. तो मागच्या बाजूनं गेला, बकरी बाभळीला बांधली आणि गोठ्यावर चढला. छप्पर म्हणजे काही दार नव्हे.

पुन्हा मध्ये

बीजेची कोर उतरत गोठ्याच्या अगदी वर आली होती. शकुननं निरांजन फिरवलं. "सुखी राह्य चंद्रा. तू मले काही देत नाहीस, पन बकरी तं देत नाहीस."

"बकरी दुधाची होती!" चंद्र म्हणाला.

ओट्यावर शेषराव दचकले. "कोन बोललं व?"

"चंद्र बोलला," शकुन म्हणाली. आवाज तिनं पहिल्याच शब्दाला ओळखला होता. तिनं पदर खोचला. "बरं झालं बोललास बापा. आता सांग, माह्या भावानं मले बकरी काहून देल्ली?"

"पोराईच्या दुधासाठी."

"खोटं बोलशीन तं गिऱ्हान लागीन तुले."

तुराट्या कुरकुरल्या.

"वांगे खाये," चंद्र हळूच म्हणाला.

"काय?"

"माहे वांगे खाये ना ते! रोज! माणिक म्हने, घरात बकरी राहीन नाही तं मी राहीन!"

"अन् मंग बहिणीचा झेंडू दिसला तुले!"

"झेंडू खाते हे मले काय मालूम? मले वाटलं, तिले वांग्याचाच शौक हाये!"

हे शेवटचं वाक्य चंद्रानं उठून बसून, हातवारे करून म्हटलं. खऱ्या चंद्राला मावळायला वेळ होता, पण छपराला तेवढा धीर नव्हता. कडाड्‌ आवाज झाला. म्हैस ओरडली.

शकुन ताट घेऊन गोठ्यात धावली. सहदेव गव्हाणीत बसला होता. डोक्यावर कुटाराचा भुसा होता.

"दारातून नाही आलो," तो म्हणाला. "पाय नाही ठेवला."

"पाय कशाले ठेवतं? सगळाच येऊन पडला! लागलं का रे भाऊ?"

"लागलं ना. चंद्र हाये म्हनलीस, तवाच लागलं."

तो उठायला लागला तसा शकुननं त्याचा खांदा दाबला. "बस तसाच. निरांजन विझून राहिलं." आणि तिनं त्याला तिथंच, गव्हाणीत, म्हशीच्या साक्षीनं ओवाळलं. कुटारावरच अक्षता टाकल्या. दोघंही रडत होती आणि दोघंही म्हणत होती की डोळ्यांत कुटार गेलं.

"ओवाळणी मांगं बांधली हाये," सहदेव म्हणाला.

ओवाळणी बांधलेली नव्हती. ती शकुनच्या कोपराशी उभी राहून ताटातली करंजी खात होती.

शकुननं शिंग पाहिलं. तिला हसू आवरेना. "भाऊ! तेच?"

"दोन सालाची मिळून एक."

दारात शेषराव येऊन उभे राहिले. त्यांनी बकरीकडे पाहिलं. बकरीनं त्यांच्या शेवंतीकडे पाहिलं.

"सहदेवराव," शेषराव अगदी गोड आवाजात म्हणाले, "ओवाळणी इकायची नसते, नाही का?"

"कदीच नाही!" सहदेव गव्हाणीतून म्हणाला.

"लक्षात ठेवतो. चाला, जेवाले चाला."

बांध

भाऊबीज काही एका दिवसात संपत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊ बहिणीकडे जातातच. सहदेव घरी आला, माणिकबाईंना सगळं सांगितलं, लुगड्याचं सोडून. चार दिवस सुखात गेले.

पाचव्या सकाळी तो वांगी तोडायला मळ्यात गेला, तर बांधापलीकडे बेबीताई उभ्या होत्या. त्यांच्या शेतात नुसती मिरची होती. मिरचीला तोंड न लावणारं कुणीतरी त्यांच्या शेजारी उभं होतं.

"सहदेवभाऊ, पाहा ना! दादा आला होता राती. ओवाळणी देऊन गेला. दुधाची हाय म्हने!"

सहदेवच्या मागे माणिकबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी शिंग पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"इकत घ्या तिले," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता इकत घ्या, अन् दूर कुठंतरी सोडून या."

सहदेवनं हातातली पाटी खाली ठेवली. बकरीनं पुढचा पाय बांधावर ठेवला.

"कसं घेऊ?" तो म्हणाला. "ओवाळणी हाये ते. इकत नसतात."