दौलतभाऊंची इमानदार खरखर

दौलतभाऊ मेश्राम आवाज कानाने ऐकत, पण निकाल जिभेने देत. रेडिओ दुरुस्त झाला की ते बटण फिरवत, मान तिरकी करत, जीभ टाळूला लावून एकदा टक् करत आणि सांगत, "मीठ कमी हाय." मग पेचकस पुन्हा हातात. गिऱ्हाईक म्हणे, भाऊ, बातम्या तर लागल्या. भाऊ म्हणत, "बातम्या लागल्या. चव कुठं लागली?"

नागपुरात सदरच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत ते आणि गोदावरीवहिनी राहत. पन्नाशीचा, काडीसारखा माणूस. बोटांवर सोल्डरचे चटके, खिशात टेस्टर. तीस वर्षं त्यांनी एकच शत्रू मानला होता: खरखर. कुठल्याही रेडिओतली खरखर ते अशी उपटून काढत, की मागे आवाज धुतलेल्या तांदळासारखा राही.

आणि मी त्यांच्याकडे गेलो ते खरखर मागायला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी जवळच्याच एका विमा कचेरीत कारकून होतो, वय सव्वीस. दिवसा फाइली, संध्याकाळी गिटार. आम्हा चौघांचा बॅण्ड होता. आदल्या वर्षी एका क्लबच्या हॉलमध्ये लोकांनी आम्हाला तिसऱ्या गाण्यावरच खाली उतरवलं होतं, आणि त्यात माझ्या अॅम्प्लिफायरचा वाटा मोठा होता. त्यातून गिटार डब्यात कोंडलेल्या डासासारखी वाजे. अशात आमच्या ड्रमवाल्या फ्रान्सिसच्या भावाने, तो जहाजावर नोकरीला होता, इंग्लंडहून एक कॅसेट आणली. तिकडच्या पोरांचं हेवी मेटल. त्यातली गिटार ऐकून मी दोन दिवस कचेरीत चुकीच्या फाइलींवर सह्या घेतल्या. ट्रकने चढावर गिअर बदलावा आणि पुढे तोच ट्रक गाऊ लागावा, असा तो आवाज होता.

एका रविवारी मी ती दुकानात नेली. दौलतभाऊंनी कॅसेट लावली, अर्धं मिनिट ऐकली आणि बंद केली. टेपचं हेड खराब आहे म्हणाले. स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं, पुन्हा लावली. तीनदा पुसलं. चौथ्या वेळी मी भीत भीत सांगितलं की भाऊ, हे बिघडलेलं नाही, ते लोक मुद्दाम असं वाजवतात. गिटारचा आवाज मशीनला झेपणार नाही इतका आत कोंबतात, मग मशीन ओरडतं, आणि तेच त्यांना हवं असतं.

भाऊंनी बटण दाबून कॅसेट बंद केली. मग दुकानाचं शटर खाली ओढलं आणि भर दुपारी घरात जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटायच्या वेळी ते स्वतः माझ्या टेबलाशी हजर. साहेब समोर बसलेले. "रातभर इचार केला गा," ते म्हणाले. "खरखर दोन जातीची असते. एक चोरटी, ते मी काढतो. हे इमानदार हाय. हे बनवा लागते."

तिथून पुढचे चार महिने त्या माणसाने दुसरं काही धड केलं नाही. बंद पडलेल्या एका टॉकीजचं जुनं अॅम्प्लिफायरचं मशीन त्यांनी कबाड्याकडून आणलं. त्यात काचेचे मोठे व्हॉल्व्ह होते, तापले की आत नारिंगी उजेड दिसे. ट्रान्सफॉर्मरला तार त्यांनी हाताने गुंडाळली, मोजताना मधे कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. लोकांचे रेडिओ फळीवर धूळ खात पडले. मी रोज संध्याकाळी जाऊन तोच एक सूर वाजवायचा आणि ते टक् करून सांगायचे: आज आंबट आहे, आज कच्चं आहे, आज नुसतं तेल आहे.

एकदा मी वैतागून म्हणालो की कॅसेटमधल्यासारखं तिखट का होत नाही. तर त्यांनी आतून भिवापूरची मिरची आणली. वहिनींचं माहेर तिथलंच. कॅसेट सुरू केली आणि मला मिरची खायला लावली. "आता पाय. आधी काहीच नाई. मंग मांगून येते, अन् आली का जात नाई. त्या पोरांचंबी तसंच हाय. तू पयल्याच घासाले तिखट मागून राहिला." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो माणूस शंभर टक्के बरोबर होता. सूर सुरू होतो साधा, आणि तो टिकतो तेव्हा पेटतो. हे मला गिटारच्या कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

चार स्पीकर बसवायला जाड, बंद पेटी हवी होती. घरात सागवानाची एकच होती, वहिनींची गव्हाची कोठी. ती त्यांनी वहिनी बाजारात गेल्या असताना रिकामी केली. गहू पलंगावर ओतला आणि वर चादर घातली. वहिनींना हे त्या पलंगावर बसल्या तेव्हा कळलं. आठ दिवस त्यांनी भाऊंशी बोलणं टाकलं. भाऊंच्या ते चौथ्या दिवशी लक्षात आलं.

पहिल्यांदा पूर्ण मशीन जोडून मी जाड तार छेडली, तेव्हा कोठीच्या फटींत अडकलेले गहू स्पीकरच्या जाळीतून उडाले आणि माझ्या चष्म्यावर आपटले. पाठोपाठ किडेही निघाले. शेजारचा शिंपी टेप गळ्यात घालून धावत आला आणि काय फुटलं म्हणून विचारू लागला. दारात रेडिओ घेऊन उभं असलेलं एक गिऱ्हाईक तसंच परत फिरलं. दौलतभाऊ मात्र केसांतले गहू वेचत शांतपणे म्हणाले की होत आलंय, एक चिमूट कमी आहे.

ती चिमूट शेवटपर्यंत सापडेना, आणि कार्यक्रमाचा दिवस उजाडला. तोच हॉल, तेच लोक. भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. पहिली दोन गाणी बरी गेली. तिसऱ्या गाण्याला, जिथे मागच्या वर्षी आमचा निकाल लागला होता, हॉलमधले दिवे पिवळे पडले. पंखे मंदावले. व्होल्टेज घसरलं होतं. आता संपलं सगळं, असं मनाशी म्हणत मी तार छेडली.

आणि मशीनमधून तो आवाज आला. तंतोतंत तोच. विजेचा जोर कमी झाला तसे व्हॉल्व्ह जणू घसा खाकरून मोकळे झाले. सूर जाड झाला, गोड झाला, मग मागून पेटला. इंग्लंडातल्या पोरांनी काय काय करून मिळवलेली ती चीज आम्हाला नागपूरच्या पडक्या व्होल्टेजने फुकट दिली होती. दौलतभाऊ उठले, पायऱ्या चढून सरळ स्टेजवर आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि साऱ्या हॉलसमोर चिमूट उंच धरून दाखवली. लोकांना वाटलं हाही बॅण्डमधलाच. टाळ्या थांबेनात.

व्होल्टेज मुद्दाम पाडायचं बटण बसवतो म्हणून त्यांनी मशीन दुकानात नेलं. आठ दिवस म्हणाले. मग ट्रान्सफॉर्मर तापतो म्हणाले, मग एक स्क्रू मिळत नाही म्हणाले. तीन आठवडे गेले. पुढचा कार्यक्रम जवळ आला होता आणि फ्रान्सिस माझ्यावर चिडला होता. एका शनिवारी गिटार पाठीला लावून मी तडक दुकानात गेलो. भाऊ तार आणायला गेले होते. वहिनींनी चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही मशीन काहून नाई नेत? पयल्याच हप्त्यात तयार झालं ते. तुमचे भाऊ रोज संध्याकाळी सुरू करतेत अन् समोर नुसते बसून रायतेत."

तेवढ्यात भाऊ आले. माझा चेहरा पाहून त्यांना कळलं. त्यांनी तारेचं बंडल टेबलावर ठेवलं आणि ते उगाच सरळ करत राहिले.

"तीस वर्षं झाले," ते म्हणाले. "लोक बिघडलेला रेडिओ आणतेत. मी नीट करतो. तो बोलाले लागला का घेऊन जातेत. कोन त्याच्यावर काय आयकते, कसं आयकते, मले नाई माईत. तू रोज येत होता. आता तुहं मशीन नीट झालं. मंग तू काहून येशीन?"

मशीन मी त्या दिवशी नेलं नाही. पुढेही फक्त कार्यक्रमापुरतं नेलं आणि परत आणून ठेवलं. अकोल्याला बदली होईपर्यंतचे माझे सगळे शनिवार त्या गल्लीतच गेले.

त्या संध्याकाळी मी गिटार पाठीवरून उतरवली. भाऊंनी स्टुलावरचे दोन उघडे रेडिओ खाली ठेवले, स्टूल फडक्याने पुसलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"हळू वाजव गा," ते म्हणाले. "मले आयकाचं हाय."