इरण्णांचं हेल्मेट

इरण्णा चहासुद्धा हेल्मेट घालूनच पितात. न जाणो, ड्रोन डोक्यावर पडला तर? तो पेटीत बंद असला तरी.

ड्रोननं इमारतींचे फोटो काढायचे आणि ते जोडून संगणकावर त्रिमितीय मॉडेल करायचं, हे आमचं काम. ड्रोन मी उडवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. थोडी ऐट आहे माझ्यात. इरण्णा माझे सीनियर. घार दिसली की म्हणतात, "उतरव, पदवीधर." काहीच दिसलं नाही तर जास्त घाबरतात. "कायतरी लपलंय की."

माझं मॉडेल पाहून एकच बोलतात, "लई देखणं. पण खरं हाय का?" आणि फीत घेऊन खिडक्या मोजायला जातात.

मध्यंतरी शहराच्या पूर्व भागातल्या एका जुन्या इमारतीचं काम आलं. धोकादायक आहे का, एवढंच सांगायचं होतं. तिथं आता तळमजल्यावर शरणव्वा तेवढ्या राहतात. फोटोवाले येणार म्हणून म्हातारीनं आदल्या दिवशी भिंतीला चुना मारून घेतला होता. "फोटू चांगला याया नगं व्हय?"

मॉडेलमध्ये नेमकी तीच भिंत पोट सुटल्यासारखी फुगली. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर खुणा नसतात, मग फोटो नीट जुळत नाहीत आणि मॉडेल चुकतं. चूक चुन्याची असेल तर शरणव्वा घरात राहणार. नसेल तर घर खाली. माझंच मॉडेल चुकावं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

भिंत सरळ आहे का ते बघायला इरण्णा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, घेऊन गच्चीवर गेले. पोटावर सरपटत कठड्याशी आले. दोरी खाली आली ती थरथरत, वारा नव्हता. माझ्या खांद्यावर भिंतीची चिमूटभर माती पडली. दोरी मधे भिंतीला टेकली आणि खाली भिंतीपासून चार बोटं लांब राहिली.

"मॉडेल खरं हाय," खाली येऊन ते म्हणाले. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

पण शरणव्वा उठेनात. "लेक अक्कलकोटहून निघालीय. दाराला कुलूप बघून काय वाटंल तिला?" मी रस्त्यापलीकडून हाका मारत होतो. इरण्णा समजवायला आत गेले, ते बाहेर येईनात. शेवटी मी दारापर्यंत गेलो. आत पाय उचलेना.

शरणव्वा भिंतीलगत बसल्या होत्या. डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा नीट आवळलेला. शेजारी इरण्णा, बोडक्या डोक्यानं, कडक भाकरी मोडत होते. दोघांचं कानडीत काहीतरी चाललं होतं. भिंत जरा करकरली की इरण्णांच्या हातातली भाकरी थांबायची.

"अण्णा, बाहेर या की."

"येतो रे. पोरगी येऊ दे हिची."