एकेरी तिकिटाचा हिशोब

आपल्याइतका काटेकोर माणूस साऱ्या आपिआ शहरात नाही, असं सेमिसी छातीठोकपणे सांगायचा. त्याच्या बायकोच्या, फुआतिनोच्या, चुलतभावाच्या मुलीचं लग्न समुद्रापलीकडच्या परमुलखात, पागोपागोला ठरलं, तेव्हा त्याने अख्खा प्रवास वहीच्या अर्ध्या पानात बसवला! दोघांचं बोटीचं जाण्याचं भाडं, बंदराचा कर, वर चहापाण्याला दहा ताला. खलास!

"अहो, आणि परतीचं भाडं?" फुआतिनोने विचारलं.

"ते लग्नघर देईल की! पाहुण्याच्या हातात वाटखर्चाचं पाकीट ठेवल्याशिवाय आपल्यात कधी निरोप देतात का?"

"माझ्या ओव्हनच्या पैशांना हात लावायचा नाही हं!"

"लावला तर नाव बदलीन!"

नऊशे ताला होते ते. नारळाच्या दुधातले पाव भाजून विकायचे म्हणून तिने दोन वर्षं चटया विणून जमवलेले. परतताना बंदराजवळच्या दुकानातून ओव्हन घेऊनच घरी जायचं, म्हणून तिने ते कनवटीला लावले.

बंदरावर पाहतात तो सगळं गणगोत हजर! "एवढं माझ्या बहिणीला द्या हं!" म्हणत कुणी अळकुड्यांचं पोतं ठेवलं, कुणी कोकोचे डबे. नाही म्हणावं तर जन्माचा अबोला. वजन झालं, आणि जास्तीच्या सामानाचे एकशेवीस ताला मागितले. सेमिसीने वहीत पाहिलं, आभाळात पाहिलं आणि मग बायकोकडे पाहिलं.

"एवढेच हं," ती म्हणाली.

पाकीट जाड मिळावं म्हणून लग्नात सेमिसी कोट घालून थेट मानकऱ्यांसाठी राखलेल्या खांबाला टेकून बसला. यजमानांच्या वक्त्याला वाटलं, हा कुणी मोठा सरदार! त्याने काठी आपटून ललकारी दिली, "आपिआहून आलेल्या थोर पाहुण्यांसाठी!" पाकीट आलं. आत एकशेवीस डॉलर! सेमिसीने बायकोला डोळा मारला. तेवढ्यात खारवलेल्या मांसाच्या चार बादल्या आणि डबाबंद मासळीची आठ खोकी त्याच्या पुढ्यात येऊन पडली.

"अहो, नको म्हणा ना!"

"अगं, मानाची भेट! नको कसं म्हणू?"

पाकीट परतीच्या तिकिटांतच संपलं. बादल्याखोक्यांच्या भाड्याचे तीनशे ताला कनवटीतून गेले. आपिआला जकातीचा साहेब मात्र शांतपणे एकेक नग मोजत होता.

"दुकान टाकताय का काका?"

"लग्नाला गेलो होतो हो!"

"वा, अभिनंदन! तीनशे ऐंशी ताला भरा."

भरले. बाहेर पडतात तो पोती देणारं सगळं गणगोत स्वागताला उभं! रिकाम्या हाताने कुणाला कसं पाठवणार? बादल्या गेल्या, खोकी गेली. दोघं ओव्हनच्या दुकानावरून मान खाली घालून चालत घरी आली. नऊशेपैकी शंभर उरले होते. फुआतिनोने ते पुन्हा कनवटीला लावले, आणि तेच सेमिसीला जास्त लागलं. त्याला खरोखरच स्वतःची लाज वाटली.

गावात मात्र त्यांच्या दानशूरपणाचा बोलबाला झाला. आठवडाभरातच पाद्रीबाबांचा निरोप आला: पुढच्या महिन्यात पागोपागोच्या चर्चचा उत्सव आहे, गावाच्या वतीने अशाच भारदस्त जोडप्याने जावं. जाण्याचं भाडं चर्च देईल.

सेमिसीने घाईघाईने वही उघडली. "या वेळी चूक नाही! परतीचं भाडं, सामान, जकात, सगळं आधीच धरतो. दोन माणसांचं..."

फुआतिनोने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि दोनवर काट मारली.

"एका माणसाचं धरा. मी एकटी जाते."

"आणि मी?"

"तुम्ही घरी बसा. जास्तीच्या सामानाचे पैसे एक वेळ परवडतील, पण तुमचा हिशोब नाही परवडत!"